खुद्द नावाचा शेतकरी

रोमन शेतकऱ्याचा मला आजही राग येतो. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसावर चिडून तुला काय मिळणार, असं माझा लेक म्हणाला होता. मिळायला काही नकोच होतं. राग काही मिळावं म्हणून येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. रोम नावाचं शहर आहे एवढं ऐकून होते, त्यापुढे काही ठाऊक नव्हतं. पण २००५ साली अमेरिकेत, प्लेनोला, लेकाच्या डायनिंग टेबलावर बसून मला रोमन लोकांची शेती शिकावी लागली, आणि शिकता शिकता त्यात माझीच शेती निघाली.

मी तिथे का गेले होते ते आधी सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझे मालक गेले. पुण्यापासून तासाभरावर आमची सव्वातीन एकर जमीन, एक विहीर. सातबाऱ्यावर माझं आणि लेकाचं नाव लागलं. तोवर शेजारचा रस्ता रुंद झाला होता आणि आजूबाजूच्या शेतांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडायला लागले होते. लेकाचा फोन आला, "आई, सहा महिने ये. आराम कर. आयुष्यभर कष्टच केलेस." मला बरं वाटलं. पोचल्यावर पंधरा दिवसांनी कळलं की आरामाला एक कागद जोडलेला आहे. कुलमुखत्यारपत्र. त्याच्यावर आम्हा दोघांच्या सह्या ह्यूस्टनला भारत सरकारच्या कचेरीत जाऊन करायच्या, कागद गावी पाठवायचा, आणि तिकडे त्याचा चुलतभाऊ जमीन प्लॉटवाल्याला विकून टाकणार.

"मुखत्यार म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्या वतीनं तो बोलेल, सह्या करेल."

"म्हणजे माझं मुख त्याच्या हातात."

"आई, तसा अर्थ नाही त्याचा."

"मग कसा आहे?"

तो हसला आणि विषय बदलला. माझ्या लेकाला विषय छान बदलता येतो.

त्या जमिनीवर एक बाई राहते. तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. ती आणि तिचा नवरा निम्म्या वाट्यानं आमची जमीन करायचे. पुढे नवरा साप चावून मेला. तिच्या दोन पोरी लग्न होऊन गेल्या. ती एकटी राहिली आणि एकटीच करत राहिली. रस्त्याकडेच्या बांधाला दोन खोल्या आहेत, त्याच तिचं घर. जमीन गेली की त्या खोल्यांवरून प्लॉटवाल्याचा बुलडोझर जाणार. हे मला माहीत होतं, लेकाला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं.

माझी सून नागपूरची, हुशार, कंपनीत मोठ्या कामावर. वाईट अजिबात नाही. ती म्हणाली, "आई, आपण तिला काहीतरी देऊ ना."

हे 'काहीतरी' मी आयुष्यभर ऐकत आले. दिवाळीला काहीतरी, पोरीच्या लग्नाला काहीतरी. कोणाच्या हक्काचं असतं त्याला आपण किती ते नीट सांगतो. ज्याला द्यायचं मनात नसतं त्याला काहीतरी देतो.

पण तेव्हा मी बोलले नाही. खरं सांगायचं तर सही करायला मी जवळजवळ तयार झाले होते. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या देशात, ज्याच्या गाडीशिवाय दूधही आणता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? प्लेनोत घराबाहेर पडलं तरी माणूस दिसत नाही. घरापुढे गवत, घरामागे गवत. त्या गवताला पाणी, खत, औषध, आणि वाढलं की कापून पिशव्यांत भरून कचऱ्यात. एक शेळी चरत नाही त्याच्यावर. दर गुरुवारी तीन मेक्सिकन माणसं मशीन घेऊन यायची, उन्हातान्हात गवत कापायची आणि न बोलता निघून जायची. आणि लेक फोनवर मित्राला सांगायचा, "लॉन मी एकदम टॉप मेंटेन करतो यार." मी खिडकीतून बघितलेलं होतं, कोण मेंटेन करतं ते.

मग नातीच्या शाळेचं काम आलं.

नात सहावीत होती. अकरा वर्षांची. मराठी कळायचं सगळं, बोलायची मात्र अर्धं इंग्रजीत. वर्गाला प्राचीन रोम होतं आणि प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला होता. मैत्रिणींना लढाया, आंघोळीचे हमामखाने, राजेराण्या. हिला शेती. घरी आली ती दप्तर आपटतच.

"एव्हरीबडी गॉट कूल स्टफ. मला शेण!"

"शेणाला नाव ठेवू नकोस," मी म्हटलं. "त्याच्यावर तुझा बाप शिकला."

"आजी, यू वर अ फार्मर, राइट?"

"हो."

"मग मला हेल्प कर. रोमन फार्म बनवायचंय. बॉक्समध्ये."

चार दिवस आम्ही दोघी टेबलावर बसून होतो. बुटाच्या मोठ्या खोक्यात तिनं माती केली, डोंगर केला. तिच्याजवळ शाळेतून आणलेलं चित्रांचं पुस्तक आणि छापील कागद होते. ती इंग्रजी वाचायची आणि मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. पहिले दोन दिवस मला फार आवडलं, हे कबूल करते. त्यांचा नांगर आमच्या जुन्या लाकडी नांगरासारखाच, माती उलथत नाही, नुसती ओरखडतो. तिनं नांगराला चाकं लावली होती, ती मी काढायला लावली. एक वर्ष पीक, एक वर्ष रान पड टाकायचं, हेही तसंच. उकिरडा घरापासून किती लांब असावा यावर म्हणे त्यांच्या मोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय. खळं होतं. खळ्यात मळणीला बैलांची पात फिरायची. वाऱ्यावर धान्य उपणायचे. मी ताट घेऊन टेबलापाशी उभी राहिले आणि तिला उपणून दाखवलं. तांदूळ सगळ्या घरभर झाले. सून आली, तिनं तांदूळ बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि झाडू आणायला गेली.

तिसऱ्या दिवशी नातीनं मातीची माणसं केली. त्यातल्या एकाला कागदी रुमालाचं पांढरं वस्त्र गुंडाळलं आणि खोक्याच्या बाहेर ठेवलं.

"हा कोण?"

"फार्मर."

"पांढरं स्वच्छ नेसून? आणि खोक्याच्या बाहेर?"

"तो फार्मवर नसतो, आजी. तो रोममध्ये राहतो. मोठं घर असतं त्याचं. कधी कधी फार्मवर जातो. टु चेक."

"मग नांगर कोण धरतो?"

"स्लेव्ह्ज."

"पेरतो कोण?"

"स्लेव्ह्ज."

"काढणी?"

"आजी! सगळं स्लेव्ह्ज. आणि एक मॅनेजर असतो. तोपण स्लेव्ह."

"मग हा मेला शेतकरी कसा?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला एवढंही कळत नाही. "बिकॉज इट्स हिज फार्म."

मी म्हटलं, पुढे वाच. ती वाचत गेली आणि माझं डोकं तापत गेलं. रोमन लोक आधी आपापली थोडी थोडी जमीन स्वतः करायचे. तेच लोक सैन्यात. लढाया लांबल्या, माणसं वर्षानुवर्षं परमुलखात, घरी रान पडीक. परत येईपर्यंत जमिनी मोठ्यांनी गिळलेल्या. आणि त्या लढायांत धरून आणलेली माणसं त्याच जमिनींवर राबायला. आता या मोठ्या जमीनदारांतल्या काहींनी पुस्तकं लिहिली, शेती कशी करावी याची. हाताला कधी घट्टा नाही, पण पुस्तक. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्या कशा हाकाव्यात ते लिहून ठेवायचं.

"इथे टूल्सची लिस्ट आहे," नात म्हणाली. "टूल्स तीन काइंडचे. जे बोलत नाहीत. गाडी वगैरे. मग जे हाफ बोलतात. ते बैल, कारण ते हंबरतात. आणि मग..."

"मग काय?"

"जे बोलतात. स्लेव्ह्ज." तिनं कागद पुन्हा वाचला. "टॉकिंग टूल्स. बोलणारे अवजार."

ती म्हणाली, "इट्स कायंडा मीन, नाही?"

"पुढे वाच."

पुढे होतं की म्हातारा बैल, मोडकी गाडी, म्हातारा गुलाम आणि आजारी गुलाम विकून टाकावा. एकाच यादीत. माझे हात त्यावेळी पिठाचे होते. मी ते तसेच टेबलावर ठेवले.

"आणि कोणी काही केलं नाही?"

"दोन ब्रदर्स होते. ते म्हणाले, रिच लोकांकडून जमीन घेऊन पुअर लोकांना द्या. कायदा केला."

"मग?"

"मोठ्याला मारलं. मग धाकट्यालापण मारलं."

आमच्याकडेही कायदा झाला होता. कसेल त्याची जमीन. मी पोरसवदा होते, गावात सभा झाली होती. आमच्या गावात त्यासाठी कोणाला मारावं लागलं नाही. तलाठ्याला चहा पाजला की काम व्हायचं.

हे मी नातीला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सांगायची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी लेकानं निळी फाइल टेबलावर आणून ठेवली. शुक्रवारची तारीख मिळाली होती, त्यानं रजा टाकली होती. तो फोनवर बोलत माळ्यावरच्या खोलीत गेला आणि नातीनं फाइल उघडली.

"आजी, हे आपल्या फार्मचं आहे? मी प्रोजेक्टला लावू?"

सातबाऱ्याचा उतारा होता. देवनागरी तिला वाचता येत नाही. मी चष्मा लावला आणि तिला एकेक रकाना सांगत गेले. हा गट नंबर. हे आपलं क्षेत्र. हे माझं नाव, हे तुझ्या बाबाचं. खाली पिकांचं. कुठल्या वर्षी ज्वारी, कुठल्या वर्षी गहू, कांदा.

"आणि हे?"

"हे लिहिलंय, जमीन करणाऱ्याचं नाव. म्हणजे जो माणूस शेतात काम करतो त्याचं नाव."

"काय आहे नाव?"

"खुद्द."

ते प्रत्येक वर्षापुढे होतं. एकदा लिहिलेलं, मग खाली नुसती दोन टिंबं.

"खुद्द," ती म्हणाली. "खुद्द. ओके." आणि तिनं काय केलं, नांगरामागच्या मातीच्या माणसाच्या पायाशी एक कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंस. म्हणाली, "हिज नेम. तू म्हणालीस ना, आपल्या फार्मवर खुद्द काम करतो. रोमन लोकांनी स्लेव्ह्जची नावं लिहिली नाहीत. मग मी ह्याला खुद्द नाव दिलं."

मला हसू आलं. मोठ्यानं हसले. आणि मग हसू कुठल्या कुठे गेलं.

"खुद्द हे नाव नाही गं," मी म्हटलं. "खुद्द म्हणजे स्वतः. म्हणजे मालक स्वतः शेती करतो."

"पण बाबा तर इथे आहे."

"हो."

"आणि तू पण इथे आहेस."

"हो."

"मग तिथे आत्ता कोण आहे?"

अकरा वर्षांच्या पोरीनं विचारलं. सव्वीस वर्षांत एकाही मोठ्या माणसानं विचारलं नव्हतं.

मग मी तिला सांगितलं, आणि तिला सांगितलं तसंच इथे लिहिते. दरवर्षी पीक उभं असताना तलाठी बघणीला यायचा. बांधावर सतरंजी टाकायची. आमचे मालक म्हणायचे, "लिहा, खुद्द." आणि तलाठी लिहायचा. ती बाई तिथेच, दहा हातांवर, विळा घेऊन उभी असायची. तलाठी तिच्याकडे बघायचा, मालकांकडे बघायचा आणि लिहायचा. का, तर तिचं किंवा तिच्या नवऱ्याचं नाव त्या रकान्यात चढलं असतं तर ती कूळ झाली असती, तिला जमिनीत हक्क आला असता. तो येऊ नये म्हणून हा शब्द. आणि चहा ती आपल्या चुलीवर करायची. मी कपात ओतून तलाठ्याला द्यायचे.

तिला वाचता येत नाही. मला येतं. मी कपबशी देताना त्याच्या वहीत वाकून बघितलेलं आहे. मला सगळं कळत होतं.

माझंही नाव तिथे नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. खुरपणी मी केली, कांद्याच्या काढणीला मी होते, आणि मालक पुण्यात नोकरीला, शनिवारी यायचे. तेच खुद्द. मग मी काय, मी पण बोलणारं अवजारच. पण हे खोटं समाधान आहे. मालक गेले तेव्हा जमीन माझ्या नावावर आली. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्या नावावर काय आलं? तो गेल्यावर तिसऱ्या दिवशीच ती पाणी धरायला उभी राहिली, कारण गव्हाची पाळी होती.

नात सगळं ऐकून म्हणाली, "सो वुई आर द रोमन्स."

मी म्हटलं, "हो."

रात्रीच्या जेवणाला ती तेच आपल्या बापाला म्हणाली. त्याचा घास हातात राहिला.

"आई, तू काय भरवतेयस तिच्या डोक्यात?"

"मी नाही. तुझा सातबारा."

"रोमन काय, गुलाम काय! आपण तिला बांधून ठेवलं होतं का? निम्मा वाटा देत होतो. पोरींच्या लग्नाला दिलं होतं."

"काहीतरी," मी म्हटलं.

सून मध्ये पडली. "आई, प्रॅक्टिकली बघा ना. आम्ही काय तिथे शेती करायला येणार आहोत?"

"नाही येणार. तेच तर मी म्हणतेय. मग कागदावर शेती करणारे तुम्ही कसे?"

"ते फक्त टेक्निकल आहे," लेक म्हणाला. "सगळ्यांच्याच उताऱ्यावर तसं असतं."

"सगळ्यांनीच चोरी केली की तिला टेक्निकल म्हणतात का?"

"आई, बाबांना तू चोर म्हणतेस?"

"त्यांना म्हणते, मला म्हणते, आणि शुक्रवारी सही केलीस तर तुला म्हणेन."

तो ताट सारून उठला. त्या घरात कोणी ताट सारून उठायची ती पहिलीच वेळ असावी, कारण नात घाबरली. मला वाईट वाटलं नाही. भरल्या ताटावरून उठण्याएवढी जी गोष्ट मोठी असते ती एकदा तरी ताटावर यावी.

तरीसुद्धा शुक्रवारी मी त्याच्या गाडीत बसले. हे लोकांना विचित्र वाटेल. पण मी त्याला तोंडावर 'येत नाही' म्हणाले असते तर त्यानं पुढच्या महिन्याची तारीख घेतली असती, आणि मग त्याच्या पुढच्या. रोज जेवताना तेच. रोज सून गोड बोलणार. म्हातारं माणूस दमतं, हे त्यालाही ठाऊक होतं. आणि खरं कारण दुसरंच होतं. तिथे जाईपर्यंत माझा मलाच भरवसा नव्हता.

प्लेनोहून ह्यूस्टन चार तासांच्या वर. दोन्ही बाजूंनी सपाट रानं, तारेची कुंपणं, आत गुरं, आणि मैलच्या मैल एक माणूस नाही. मी म्हटलं, "एवढी जमीन करतं कोण?" लेक म्हणाला, "आई, प्लीज."

कचेरीत टोकन घेऊन दीड तास बसलो. खिडकीपलीकडचा माणूस हिंदी बोलणारा, कंटाळलेला, पण सभ्य. त्यानं लेकाची सही घेतली. मग माझा पासपोर्ट उघडला, फोटो बघितला, मला बघितलं. कागद पुढे सरकवला, माझ्या हातात पेन दिलं आणि रोज शंभरदा विचारत असेल तसं विचारलं, "माताजी, अपनी मर्ज़ी से कर रही हैं न?"

लेक म्हणाला, "हाँ हाँ."

तो माणूस म्हणाला, "उनको बोलने दीजिए."

मला हिंदी धड येत नाही. मी मराठीतच म्हणाले, "नाही. माझी मर्जी नाही."

त्याला कळलं. पेन त्यानं माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि कागद लेकाकडे परत सरकवला. मागे रांगेत कुणीतरी गुजराती बाई होती, ती "अरे बाप रे" म्हणाली.

पार्किंगपर्यंत लेक पुढे, मी मागे. गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली लावली नाही.

"चार तास गाडी चालवून तुला इथे येऊन हे करायचं होतं? मला तोंडघशी पाडायचं होतं?"

"घरी सांगितलेलं तू ऐकलं नसतंस."

"तुला माहितेय हे कशासाठी चाललंय? माझी नोकरी गेल्या तीन वर्षांत दोनदा जाता जाता राहिली. घराचे हप्ते आहेत, पोरीचं कॉलेज आहे. मी काय चैन करायला विकतोय?"

तो खरं बोलत होता. मला ते कळत होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. खरी गरज असली की माणूस दुसऱ्याच्या घरावरून बुलडोझर न्यायला मोकळा होतो, आणि आपल्याला वाटतं दुष्ट माणसंच असं करतात.

"तुझा वाटा तू मागून घे," मी म्हटलं. "निम्मी जमीन तुझी. तुझ्या वाट्याची वीक, मी आड येणार नाही. विहीर आणि त्या खोल्या माझ्या वाट्यात येतील, तेवढं मी बघीन."

"विहिरीशिवाय आणि रस्त्याकडेच्या तुकड्याशिवाय कोण घेणार?"

"ते तुझ्या प्लॉटवाल्याला विचार."

"आई, तू आमच्यापेक्षा तिला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. त्याचे डोळे भरले होते. मी बाहेर बघत राहिले. समजूत घातली असती तर मी विरघळले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे.

त्यानंतर दोन महिने मी त्या घरात राहिले. भांडण नाही, अबोला नाही, नुसती नम्रता. "आई, चहा हवा का?" "आई, टीव्ही लावू का?" त्यापेक्षा शिव्या बऱ्या. नातीच्या खोक्याला शाळेत चांगलं म्हटलं. बाईंनी तिला विचारलं होतं, हा खुद्द कोण. तिनं घरी येऊन सांगितलं, "मी म्हणाले, इट्स अ लाँग स्टोरी." 

मी मात्र अजून एक काम केलं नव्हतं. ते सगळ्यात अवघड निघालं. आमची वाटेकरीण रोज सकाळी सातला गावच्या डेअरीवर दूध घालायला येते. प्लेनोत तेव्हा रात्रीची जेवणं उरकत. मी लेकाकडून फोनचं कार्ड घेऊन डेअरीवर फोन लावला. तिला बोलवायला सांगितलं. ती ओरडूनच बोलली, अमेरिका लांब आहे म्हणून.

"वैनी! कवा येनार? मोटर जळलीय. कांद्याला पानी न्हाई."

मी मोटरीचं सांगितलं, कोणाला बोलवायचं ते. मग सातबाऱ्याचं सांगितलं. रकान्याचं. काय लिहिलंय आणि का लिहिलंय. जमीन विकायची चालली होती हेही. सही केली नाही हेही. बोलताना मला वाटत होतं, आता ती माझे उपकार मानेल. हे लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं.

तिकडे डेअरीतल्या किटल्यांचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "वैनी, तुमाला वाचाया येतं न्हवं?"

"येतं."

"पयल्यापासनं?"

"चौथीपासून."

"मंग?"

मी तिला काय सांगणार होते? मालकांच्या पुढे कसं बोलायचं, तेव्हाचा काळ वेगळा, माझ्या हातात काय होतं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. सगळं खरंही होतं. मी म्हटलं, "मंग काही नाही. मी गप्प बसले."

"सव्वीस वरसं मी च्या केला तुमच्या तलाठ्याला," ती म्हणाली. "साखर माझ्या डब्यातली."

"हो."

"येताव कवा?"

"पुढच्या महिन्यात."

"या. नाव लिव्हायचं ते माझ्या म्होरं लिव्हायचं. आन् तुमी मोठ्यानं वाचून दाखवायचं. सगळ्यांच्या म्होरं. मी इश्वास ठेवनार न्हाई आता तुमच्यावर."

"नको ठेवूस."

"आन् ती मोटर आजच्या आज करायला सांगा," असं म्हणून तिनं फोन डेअरीवाल्याकडे दिला, कारण तिच्या मागे दुधाची रांग थांबली होती.

मी पुढच्या महिन्यात परत आले. अर्ज केला. तलाठी म्हणाला, आजी, असं कोणी मालक स्वतःहून करत नाही, घरी भांडण झालंय का. मी म्हटलं, तू लिही. तहसीलदाराकडे तारखा पडल्या, त्या अजून पडताहेत. भाऊबंद येऊन हरकत घेऊन गेले, त्यात लेकाच्या सहीचा कागदही आहे. तारखेला आम्ही दोघी एसटीनं जातो. ती खिडकीशी बसते, मी तिच्याशेजारी. आम्ही फारशा बोलत नाही. तिचा राग गेलेला नाही आणि जावा असं मी तिला सांगणारही नाही. कचेरीत कागद आला की ती तो माझ्या हातात देते आणि म्हणते, "वाचा." मी वाचते. ती एकेका शब्दाला मान हलवते, आणि मध्ये कुठे मी थांबले तर विचारते, "पुढं काय हाय? गिळू नका."